मशीनवर पायात गोळे येतात, त्याचं मूळ मिठाच्या डबीत

वाचकाचं पत्र

माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत, एसटीत कंडक्टर. मधुमेह नाही, पण बीपी बरीच वर्षं होतं आणि गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. दोन्ही किडन्या गेल्या. पाच महिन्यांपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी चार तास डायलिसिस असतं. डाव्या हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) आहे. ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ५८ किलो ठरवलंय, पण दर वेळी चार किलो वाढवून जातात. तिसऱ्या तासाला बीपी खाली येतं, पोटऱ्यांत गोळे येतात आणि हे मशीन बंद करायला लावतात. घरी आले की दिवसभर पडून. बाकीच्या दिवशी आमची पाण्यावरून भांडणं. डाळ, अंडी, मटण मी केव्हाच बंद केलंय, तरी अशक्तपणा जात नाही. लघवी दिवसाला दोन लहान वाट्या होते. आषाढीचा उपवास करू द्यायचा का? दिवाळीनंतर नागपूरला भाचीचं लग्न आहे, नेता येईल का? आणि ड्युटीचं काय?
– एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी त्या चार किलोंचा हिशोब करू, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेलं वजन म्हणजे चरबी नाही, निव्वळ पाणी. एक किलो म्हणजे एक लिटर. चार लिटर चार तासांत काढायचं तर तासाला एक लिटर आलं. ५८ किलोच्या माणसाला हे किलोमागे तासाला १७ मिलि पडतं. हा आकडा १३ च्या वर जाऊ नये असं किडनीचे डॉक्टर सांगतात आणि १० च्या आसपास राहिला तर माणूस चार तास बऱ्यापैकी आरामात झोपून राहतो. म्हणजे मिस्टरांच्या बाबतीत एका बैठकीत तीन लिटर ही वरची हद्द आणि सव्वादोन लिटर ही सोसवणारी मात्रा.

मशीन पाणी काढतं ते फक्त रक्तातून. पायांच्या सुजेत आणि पेशींभोवती साठलेलं पाणी झिरपत रक्तात यावं लागतं, आणि ते आपल्या गतीनेच येतं. ओढ त्याहून जोराची झाली की रक्तवाहिन्या रिकाम्या पडतात, बीपी कोसळतं, स्नायूंना रक्त कमी पडून गोळे येतात. तिसऱ्या तासालाच हे का होतं, तर तोवर झिरपून येणारं पाणी मागे पडलेलं असतं. मग मशीन अर्धा तास आधी बंद केलं की उरलेलं पाणी अंगातच राहतं, पुढच्या खेपेला त्यावर आणखी चढतं आणि ओढ अजून वाढते. शिवाय आठवड्याला तीन अर्धे तास म्हणजे बारापैकी दीड तास रक्त शुद्ध होत नाही. गोळे येऊ लागले की मशीन बंद करायला लावण्याऐवजी लगेच टेक्निशियनला हाक मारा. ते पाणी काढण्याचा वेग कमी करतात, पाय उंच करतात. तुम्ही जवळ असाल तर गुडघा सरळ ठेवून पायाचा पंजा त्यांच्या नडगीकडे ओढून धरा, पोटरी सैल पडते. ज्या दिवशी वजन जास्तच वाढलेलं असेल त्या दिवशी चारऐवजी साडेचार-पाच तास मिळतील का, ते आधीच विचारा. मशीनमधल्या द्रावणाचं तापमान थोडं कमी ठेवलं तरी पुष्कळांचं बीपी टिकतं. हेही विचारण्यात संकोच नको. सकाळी बीपीची गोळी घेऊन जायचं की डायलिसिसनंतर घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. मशीन चालू असताना भरपेट जेवू देऊ नका, पोटाकडे रक्त वळलं की बीपी आणखी उतरतं.

आता भांडणाचा मुद्दा. पाणी कमी प्या, पाणी कमी प्या असं म्हणत राहिल्याने तहान कमी होत नाही. तहान लागते ती मिठाने. शरीर मीठ पाण्याशिवाय साठवत नाही. साधारण आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं की ते एक लिटर पाणी मागतं आणि ते मिळेपर्यंत घसा कोरडा ठेवतं. म्हणून आधी मीठ आवरा, पाणी निम्मं आपोआप आवरतं. चहाचा एक सपाट चमचा मीठ म्हणजे पाच ते सहा ग्रॅम. दिवसभराचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवायचं आहे. त्यातलं थोडं दूध, पोळी-भाकरी आणि भाज्यांमधून येणार हे धरून रोज सकाळी एका छोट्या डबीत अर्धा चमचा मीठ काढून ती त्यांच्या ताटाजवळ ठेवा. भाजी आणि वरण त्यांच्यासाठी मीठ न घालता बाजूला काढा, पोळीच्या आणि भाकरीच्या पिठात मीठ नको. ताटात वरून घेतलेलं मीठ जिभेला लवकर कळतं, त्यामुळे कमी पुरतं. लसूण, जिरं, आलं, लिंबाचे चार थेंब, हिरवी मिरची यांनी चव भागवा. दोन-तीन आठवडे जड जातात, मग जीभ सरावते. लोणचं, पापड, फरसाण, सुकट-बोंबील, सॉस, बाजारची चटणी, पाव आणि खारी यांना पूर्ण रजा. पोट जड झालं म्हणून इनो घेत असतील तर तेही सोडियमच आहे.

दोन गोष्टी इथे ठळकपणे सांगायला हव्यात. सैंधव मीठ किडनीला चालतं असं कोणी सांगेल. तेही मीठच आहे. आणि दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ चुकूनही आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि डायलिसिसच्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकतं.

मीठ ताब्यात आलं की पाण्याचं माप. सर्वसाधारण हिशोब असा: २४ तासांत होणारी लघवी अधिक ५०० मिलि. अंदाज नको, एक दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजा आणि दर महिन्याला पुन्हा मोजा, कारण ती कमी होत जाते. समजा ३०० मिलि भरली, तर दिवसाला ८०० मिलि. हा आकडा डॉक्टरांना दाखवून पक्का करा. सकाळी एका बाटलीत ८०० मिलि पाणी भरून ठेवा. चहा प्यायले? कपाचं माप जितकं असेल तितकं पाणी बाटलीतून ओतून टाका. ताक, दूध, पातळ आमटी, पेज, सूप, आइस्क्रीम, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यातून वजा. तुमचा कप खरोखर किती मिलिचा आहे ते एकदा मापून बघा, घरातला मोठा कप दीडशेचाही निघतो. बाटलीत किती उरलं हे त्यांना स्वतःला दिसतं आणि तुम्हाला हवालदार व्हावं लागत नाही. आमच्या मते घरातली शांतता टिकवायला याहून सोपा उपाय नाही. वरण घट्ट करा, भाजी कोरडी करा. पाणी लहान पेल्यातून द्या, पेला पूर्ण भरू नका. घसा सुकला तर चूळ भरून टाकायची, लवंग किंवा वेलदोडा तोंडात धरायचा. बर्फाचा खडा चालतो, फक्त वितळलेलं पाणी मोजायचं.

रोज सकाळी लघवी-संडास उरकल्यावर, चहाआधी, सारख्याच कपड्यांत वजन करून कॅलेंडरवर लिहा. दिवसाला एक किलोपेक्षा वाढ दिसली तर आदल्या दिवशी काय खारट खाल्लं ते लगेच आठवेल. शुक्रवार ते सोमवार हा त्यांचा लांब टप्पा आहे आणि डायलिसिसच्या रुग्णांना सर्वांत जास्त धोका याच टप्प्याच्या शेवटी असतो. पाणीही साठलेलं, पोटॅशियमही. नेमका त्यातच रविवार येतो, पाहुणे येतात, रस्सा होतो. रविवारीच हात सर्वांत आखडता ठेवा आणि सोमवारी अडीच किलोच्या वर वाढ न्यायची नाही हे लक्ष्य ठेवा.

मात्र दोन किलोच वाढ असतानाही बीपी पडत असेल, गोळे येत असतील, तर ड्राय वेटच कमी धरलं गेलं असू शकतं. माणूस नीट जेवू लागला की खरं वजन वाढतं आणि तो आकडा मागेच राहतो. उलट डायलिसिसनंतरही पायावर सूज, बीपी चढतं आणि रात्री उशा वाढवाव्या लागत असतील तर ड्राय वेट जास्त धरलंय. दोन्हीकडे निर्णय डॉक्टरांचा, पण ही लक्षणं तारखेनिशी सांगणं तुमच्या हातात आहे.

अशक्तपणाचं एक कारण तुमच्या पत्रातच आहे, ताई, आणि त्यात तुमचा दोष नाही. किडनी खराब होत असताना डॉक्टर प्रथिनं कमी करायला सांगतात. डायलिसिस सुरू झालं की तो नियम उलटतो, कारण मशीन रक्तातून प्रथिनांचे घटकही काढून नेतं. हे बदललेलं पथ्य पुष्कळ घरांत कोणी सांगतच नाही. आता त्यांना किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ५८ ते ७० ग्रॅम. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम, शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये पंचवीसेक, ताज्या मासळीच्या १०० ग्रॅममध्ये अठरा-वीस, घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सहा. तीन-चार अंड्यांचं पांढरं, एकदा चिकन किंवा ताजी मासळी, दोन वाट्या घट्ट वरण, बाकी पोळी-भातातून, असं जमलं की हिशोब जुळतो. मटण महिन्यातून एक-दोनदा, तेही रस्सा बाजूला ठेवून. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ३.५ च्या खाली गेलं असेल तर आहारतज्ज्ञांना भेटाच. अशक्तपणाचं दुसरं कारण हिमोग्लोबिन. रक्त वाढवायचं इंजेक्शन आणि लोह वेळेवर मिळतंय ना, हिमोग्लोबिन १० ते ११.५ मध्ये आहे ना, ते बघा. ते इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. घरी आणलंत तर फ्रिजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्यात नको, मधल्या खणात ठेवा.

फॉस्फरसच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायच्या. त्या गोळ्या अन्नातलं फॉस्फरस आतड्यातच बांधून बाहेर नेतात. रिकाम्या पोटी घेतलेली गोळी वाया जाते, मग अंगाला खाज सुटते आणि हाडं ठिसूळ होतात. कोल्डड्रिंक, प्रोसेस्ड चीज, पाकिटातलं तयार मांस यांतलं फॉस्फरस डाळीतल्यापेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं, म्हणून डाळीला घाबरण्यापेक्षा पाकिटांना घाबरा.

पोटॅशियमचा धोका असा की ते वाढताना फार काही जाणवत नाही. कधी पायातली ताकद जाते, कधी छातीत धडधड किंवा नाडी मंद, आणि कधी थेट हृदय थांबतं. शहाळ्याचं पाणी पूर्ण बंद. आजाऱ्याला शहाळं न्यायची आपली पद्धत आहे, पण भेटायला येणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा. केळी, चिकू, संत्रं-मोसंबी, खजूर, सुकामेवा, टोमॅटो, पालक, चिंच, रताळं यांना हात लावायचा नाही. सफरचंद, अननस किंवा नासपती यांपैकी एकाची लहान वाटी रोज चालते. कोकण-गोव्याकडचं करमळ (स्टारफ्रूट) मात्र एक फोडही नको. त्यातलं विष किडनी नसलेल्या शरीरातून बाहेर पडत नाही आणि न थांबणारी उचकी, झटके, बेशुद्धी इथवर जाऊ शकतं.

भाज्या दुधी, दोडका, पडवळ, कोबी अशा निवडा. कुठलीही भाजी सोलून, पातळ चिरून, भरपूर कोमट पाण्यात दोन तास ठेवा, ते पाणी फेका, मग नव्या पाण्यात उकळा आणि तेही फेकून फोडणी द्या. नुसतं भिजवून फार काही निघत नाही, खरं काम उकळण्यातच होतं. तुकडे मोठे ठेवले किंवा उकळलेलं पाणी आमटीत घातलं तर सगळी मेहनत फुकट. डाळही दोन तास भिजवून पाणी टाकून शिजवा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. किडनी गेल्यावर बरंचसं पोटॅशियम आतड्यावाटे जातं, पोट साफ नसलं की ते चढतं. इसबगोलाला पाणी फार लागतं, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषधच घ्या.

आषाढीच्या उपवासाचं याच हिशोबात बघा. साबुदाणा स्वतः निरुपद्रवी आहे, त्यात पोटॅशियमही नाममात्र आणि फॉस्फरसही. घात करतं ते त्याच्यासोबतचं: शेंगदाण्याचं कूट, बटाटा, रताळं, केळं, खजूर, दूध. वर पोट रिकामं ठेवून निराहार राहिलं तर पेशींमधलं पोटॅशियम रक्तात येतं आणि उपाशी असूनही पातळी वाढते. त्यामुळे निर्जळी किंवा निराहार अजिबात नको, आणि एकादशी डायलिसिसच्या दिवशी आली तर उपवासच नको. एरवी करायचाच असेल तर साबुदाण्याची खिचडी बटाट्याशिवाय, फक्त एक चमचा कूट घालून, किंवा वरीचा भात तुपाजिऱ्यावर, आणि सोबत पनीरचे थोडे तुकडे. घरातल्या थोरांना वाईट वाटत असेल तर त्यांच्यासमोर डॉक्टरांकडून हे बोलून घ्या.

फिस्टुला ही त्यांची जीवनवाहिनी आहे. रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना उजव्या हाताची बोटं तिच्यावर ठेवून थरथर लागते का बघायला शिकवा, मांजर गुरगुरताना हाताला लागते तशी. थरथर थांबली, मंद झाली किंवा नुसते ठोके लागू लागले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाला फोन करा. गुठळी पहिल्या काही तासांत, फार तर दिवसभरात सापडली तर फिस्टुला वाचवता येते. त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, रक्त काढायचं नाही, सलाईन लावायचं नाही. अनोळखी दवाखान्यात गेलात तर हे त्यांनीच आधी सांगायचं. घड्याळ, घट्ट बाही, कोपरात अडकवलेली पिशवी, त्या हातावर डोकं ठेवून झोपणं, सगळं टाळा. सुई लावण्याआधी हात साबणाने धुवायचा, आणि दर वेळी जागा थोडी बदलून टोचायला सांगायचं. सुई काढल्यावर दोन बोटांनी दहाएक मिनिटं दाबायचं, मध्ये उचलून बघायचं नाही आणि इतकंही जोरात नको की थरथरच बंद होईल. घरी येऊन तिथून रक्ताची धार लागली तर त्याच बिंदूवर घट्ट दाब द्या, हात उंच धरा आणि १०८ ला फोन करा.

ड्युटीबद्दल. परत जाता येतं आणि जावं, त्याने माणूस सावरतो. पण चालत्या गाडीत डाव्या हाताने वरचा दांडा धरून उभं राहणं या फिस्टुलासाठी योग्य नाही. ब्रेक लागला की सगळा झटका त्याच हातावर येतो. पैशांची बॅगही त्या खांद्यावरून नको. डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन आगारात टेबलचं काम किंवा बसून करायची ड्युटी मागा, आणि ती मंगळवार, गुरुवार, शनिवार अशी. डायलिसिसच्या दिवशी थकवा असणारच, तो चार किलोंवरून दोनवर आल्यावर किती कमी होतो हे तुम्हाला महिन्या-दीड महिन्यात दिसेल. त्यानंतरच ड्युटीची तारीख ठरवा.

नागपूरला जरूर न्या. महाराष्ट्र एक्स्प्रेसने दिवसभराहून जास्त वेळ लागतो. बुधवारचं डायलिसिस उरकून निघालात तर गुरुवारी पोहोचाल आणि शुक्रवारचं नागपुरात. खालची बर्थ बघा. तिथल्या केंद्राची जागा तीन आठवडे आधी पक्की करा. सोबत मागच्या दोन-तीन बैठकींच्या नोंदी, ड्राय वेट, हेपारिनचा (मशीनमध्ये रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) डोस, औषधांची यादी आणि एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी), एचआयव्हीचे ताजे अहवाल ठेवा, ते नसले तर मशीन देत नाहीत. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर आत्ताच सुरू करा. डायलिसिसच्या रुग्णांना ती दुप्पट मात्रेत, साधारणतः ४० मायक्रोग्रॅमचे चार डोस, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी देतात. लग्नाच्या पंगतीत मसालेभात आणि रस्सा सोडून साधा भात, पुरी आणि एखादा गोड पदार्थ इतकंच वाढायला सांगा, पाण्याची बाटली घरचीच.

अंगदुखीवर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि ओळखीच्यांनी दिलेली भस्मं-काढे नकोत. होते ती दोन वाट्या लघवीही त्यांनी जाऊ शकते आणि ती जितकी टिकेल तितकं पाण्याचं माप सैल राहतं. आडवं झाल्यावर दम लागणं, पायातली ताकद जाणं, थंडी वाजून ताप येणं, यांपैकी काही झालं तर पुढच्या डायलिसिसची वाट पाहू नका.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. आणि ४६ वर्षांच्या माणसाने प्रत्यारोपणाचा विचार आत्ताच सुरू करावा. जवळच्या नात्यात रक्तगट जुळणारं निरोगी कोणी असेल तर तपासण्या सुरू करता येतात. नसेल तर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत नाव नोंदवता येतं. प्रत्यारोपण होईपर्यंत, अगदी गरज नसेल तर बाहेरचं रक्त चढवू देऊ नका. त्याने शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढे किडनी जुळणं अवघड होतं. हिमोग्लोबिन उतरलं की आधी इंजेक्शन आणि लोहाचाच आग्रह धरा.